परत पाठवलेले ट्रे

६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. आधीच सांगते, हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. फोनच केला असता, पण तुझ्या तळघरात रेंज नाही, आणि घरी तू फोन स्पीकरवर टाकून भांडी घासतेस. अर्ध्या इमारतीला ऐकू जातं.

नव्या कंपनीत मी आता कुठे रुळतेय. आई सारखी विचारते, "तू नक्की करतेस तरी काय?" तुला सांगून बघते. तुमच्याकडे शस्त्रक्रियेच्या अवजारांचा ट्रे मशीनसमोर धरला की 'टुक' असा आवाज येतो ना? तो टुक कुठेतरी साठून राहतो. कुठला ट्रे, त्याचं काय केलं, कोणी केलं, किती वाजता. असे ढीगभर टुक एकत्र केले की संगणक त्यातून एक नकाशा काढतो. साहेबांच्या भिंतीवर टांगलेला असतो तसला नाही. काम खरोखर ज्या वाटेनं जातं, ती वाट. कुठे अडतं, कुठे उलटं फिरतं, सगळं दिसतं. तो नकाशा वाचायला मी शिकतेय.

तर सरांनी मला पहिलं खरं काम दिलं, आणि ते निघालं तुझ्याच हॉस्पिटलचं! वरची ऑपरेशन थिएटरं ट्रेची वाट बघत बसतात, तर उशीर कुठे होतो ते शोधायचं. नोंदींत नावं नाहीत, नावांच्या जागी आकडे आहेत. तू माझी मावशी आहेस हे मी सरांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर काम काढून घेतील.

खाली तुमच्याकडे काय चाललंय ते मला तुझ्या शब्दांत लिही. आणि कोणाला बोलू नकोस.

तुझी,
चिंगी


१३ फेब्रुवारी

चिंगे,

म्हणजे ती तू होय! मागच्या महिन्यात एक टायवाला आमच्या तळघरात येऊन, नाकाला रुमाल लावून, सगळीकडे बघून गेला. एक प्रश्न विचारला नाही. तेव्हाच मी म्हटलं, हे कोणाच्या तरी पोटावर येणार.

तुझं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं झालंय. जरा मोठं काढत जा. सकाळी खिडकीशी बसले तेव्हा कुठे लागलं.

खाली काय चालतं म्हणतेस, तर ऐक. वरून रक्ताने माखलेली अवजारं येतात. पहिल्या खोलीत ती धुतात. मग ती तपासणीच्या टेबलावर येतात. तिथे मी. आणखी दोघी आहेत, पण मुख्य मी. प्रत्येक कात्री, प्रत्येक चिमटा उघडून बघायचा, सांध्यात काही अडकलंय का, धार गेलीय का. माझं टेबल खिडकीखाली आहे. रस्त्याच्या पातळीला आडवी पट्टी आहे नुसती, त्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसतात. माझ्यानंतर ट्रे बांधणीला जातो, तिथून वाफेच्या भट्टीत, आणि मग वर.

दिवसपाळीला बांधणीवर एक बाई आहे. तिला आम्ही अबोली म्हणतो, कारण ती बोलतच नाही. सगळं बघते आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही. माणसानं भांडावं, रडावं, काहीतरी करावं. अशा माणसाची मला धास्ती वाटते.

आता तू मला खरं सांग. तुला उशीर शोधायला सांगितलाय की माणूस? ताईची मुलगी आहेस म्हणून विचारते. दुसऱ्या कोणाला विचारलंच नसतं.

मावशी

ता. क. : पत्र फाडलेलं नाही. तू उद्या नाही म्हणालीस तर?


२१ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

किती गं संशयी तू! उशीर शोधायला सांगितलाय, माणूस नाही. बघ, अक्षर मोठं काढलंय.

नकाशा तयार झाला. बरेचसे ट्रे सरळ वाटेनं जातात. धुणं, तपासणी, बांधणी, भट्टी, वर. पण एक वाकडी गल्ली निघाली. काही ट्रे बांधणीपर्यंत पोचतात आणि तिथून उलटे पुन्हा धुण्याला जातात. म्हणजे सगळा प्रवास नव्याने. सगळा उशीर या गल्लीत साचलाय.

आणि गंमत म्हणजे हे ट्रे परत पाठवणारी व्यक्ती एकच आहे. बांधणीवर दुसरं कोणी बसलं की एकही ट्रे परत जात नाही. बरं, ती सगळ्यांचे पाठवते असंही नाही. तपासणीवरच्या तिघींपैकी एकीचेच ट्रे परत जातात. बाकीच्या दोघींचे ती मुकाट्यानं बांधते. परत पाठवण्याचं कारण कुठेही लिहिलेलं नाही.

मी खुर्चीतून उठून दोन चकरा मारल्या. मावशी, हा नुसता उशीर नाही. कोणीतरी कोणावर डूख धरून बसलंय. तुला काही अंदाज?

चिंगी


२६ फेब्रुवारी

चिंगे,

अंदाज कसला, ती अबोली, आणि जिच्यावर डूख धरलाय ती मी.

मला कधीपासून वास येत होता. मी जेवून परत येते तर ही माझा पास केलेला ट्रे घेऊन धुण्याच्या खोलीकडे निघालेली. मी विचारलं, "कुठे चाललीस?" तर म्हणते, "लेबल चुकलंय." लेबल चुकलं तर लेबल बदल ना! ट्रे धुवायचं काय कारण? तिच्या टेबलावर तिनं स्वतःच्या घरून आणलेला दिवा ठेवलाय, वाकणारा. त्याखाली माझा ट्रे धरून टक लावून बघत बसते. मी मान वर केली की दिवा बंद.

आता पुढचं ऐक. दोन वर्षांनी मी निवृत्त होणार. माझ्या जागेसाठी हिनं आत्ताच अर्ज देऊन ठेवलाय. मला ऑफिसमधल्या शिपायाकडून कळलं. म्हणजे तोवर वर असं दिसायला हवं की मुख्य तपासनीस बाईंचं काम पुन्हा पुन्हा करावं लागतं. कळलं का तिचं डोकं? आणि चेहरा असा की जणू गरीब गाय.

तुझा नकाशा देवासारखा धावून आला. जे दिसलं ते तसंच्या तसं लिही. मी बोलले असते तर म्हाताऱ्या बाईची कटकट ठरली असती. संगणक बोलला की ऐकतील.

मावशी


११ मार्च

प्रिय मावशी,

घाईत लिहितेय. सादरीकरण झालं. तुमचे व्यवस्थापक पडद्यावर ती वाकडी गल्ली बघून उभेच राहिले. "हे कोण?" म्हणाले. मी म्हटलं, आमच्याकडे फक्त आकडे आहेत. म्हणाले, "नावं आमच्याकडे आहेत."

मी अहवालात लिहिलंय, 'विनाकारण परत पाठवणी'. उपाय असा सुचवलाय की तपासनीसाच्या सहीशिवाय बांधणीवरून ट्रे परत पाठवता येऊ नये. सर सगळ्यांसमोर म्हणाले, पहिल्याच कामात इतकं खोल कोणी बघितलं नव्हतं. मी पेढे न देताच आईचं तोंड गोड झालं!

चिंगी


२ एप्रिल

चिंगे,

गल्ली बंद झाली. अबोलीला चादरींच्या खोलीत पाठवलं. तिच्या जागी आलेली पोरगी हसतमुख आहे, मी दिलं की पटापट बांधते. ट्रे वेळेआधी वर जातात. व्यवस्थापक साहेब पहिल्यांदाच तळघरात उतरले, मला "मावशी, छान" म्हणाले. मी त्यांची मावशी कधी झाले कोण जाणे.

जाताना अबोली काय करून गेली ते सांगते. स्वतःचा तो दिवा उचलला, माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, दिवा घ्या." सगळ्यांच्या देखत! असा टोमणा मी जन्मात ऐकला नव्हता. मी तो दिवा कपाटात कोंबला.

पण एक सांगते, कोणाला बोलू नकोस. ती गेल्यापासून खोली मोकळी वाटायला हवी होती. वाटत नाही. कोणीतरी अजून बघतंय असं वाटतं. तिनं जाताना काही करून तर ठेवलं नसेल?

मावशी


१९ एप्रिल

प्रिय मावशी,

हे पत्र सकाळी वाच. रागावू नकोस, किंवा रागाव, पण शेवटपर्यंत वाच.

काल सरांनी नव्या शिकाऊ मुलांना दाखवायला माझंच काम घेतलं. सगळं कौतुक करून झाल्यावर सहज मला विचारलं, "परत पाठवलेल्या ट्रेमध्ये काय होतं?" मी म्हटलं, "कारण नोंदवलेलं नाही, सर." ते म्हणाले, "नोंदवायला जागा होती का?"

मी नोंदी पुन्हा उघडल्या. मावशी, जागाच नव्हती. त्या मशीनमध्ये 'परत' एवढंच दाबता येतं. का, ते लिहायची सोयच नाही. कारण लिहायला जागा नव्हती, आणि मी समजले की कारणच नव्हतं.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. परत गेलेले तुझे ट्रे तू कोणत्या वेळी तपासले होतेस ते मांडून बघितलं. सकाळचे जवळजवळ नाहीतच. दुपार कलली की सुरू होतात आणि पाळी संपेपर्यंत वाढत जातात. काही दिवशी मात्र सकाळपासूनच; ते दिवस ढगाळ असावेत. मागच्या वर्षी कमी होते, यंदा जास्त. डूख धरणारं माणूस घड्याळ बघून डूख धरत नाही गं. तुझ्या डोक्यावरच्या त्या खिडकीत ऊन किती वाजेपर्यंत असतं?

तू माझी पत्रं सकाळी खिडकीशी वाचतेस. मला अक्षर मोठं काढायला लावलंस. माझं अक्षर आधी होतं तेवढंच होतं.

डोळे शेवटचे कधी तपासलेस?

चिंगी


२५ एप्रिल

माझे डोळे शाबूत आहेत. तू जन्माला यायच्या आधीपासून मी त्या टेबलावर बसतेय.

आधी अबोलीला काढलंत, आता माझी पाळी. व्यवस्थापकांनी सांगितलं की तुझ्या सरांनी? की तुझ्या आईनं पढवलं? मी तुला सगळं मोकळेपणानं लिहीत गेले आणि तू ते सगळं जुळवत बसलीस. खरंच हुशार आहेस.

पुन्हा पत्र पाठवू नकोस.


८ मे

प्रिय मावशी,

तू पाठवू नकोस म्हणालीस, तरी पाठवतेय.

मी सरांना सांगितलं. तू माझी मावशी आहेस हेही, आणि माझा निष्कर्ष चुकलाय हेही. त्यांनी माझ्याकडून काम काढून घेतलं आणि त्याच दिवशी तुमच्या व्यवस्थापकांना लेखी कळवलं की ट्रे परत पाठवण्याची मुभा लगेच पुन्हा द्या आणि बांधणीवर तीच बाई आणा. आज त्यांचं उत्तर आलं. 'सध्याचे आकडे उत्तम आहेत. बदलाची गरज वाटत नाही.'

सर पुन्हा फोन करतायत, वरच्यांनाही लिहितायत. पण त्याला दिवस जातील. तोवर तुझ्यानंतर बघणारं कोणी नाही. मी ती जागा माझ्या हातानं रिकामी केली.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. एक ट्रे फक्त पुन्हा उघडून बघ. दुपारचा.

चिंगी


१६ मे

चिंगे,

तुझं पत्र मी दोन दिवस उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत टाकून कामावर नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत वाचलं. वाचून खरं तर संतापले. म्हटलं, हिला दाखवतेच. दुपार कलल्यावर कपाटातून अबोलीचा दिवा काढला, नुकताच पास केलेला एक ट्रे पुन्हा ओढला आणि एक चिमटा त्याखाली धरला.

सांध्यात काळं होतं. मला वाटलं सावली आहे. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला. वाळलेलं रक्त होतं, चिंगे. त्याच्यावर कितीही वाफ सोड, आतले जंतू मरत नाहीत, हे मी नव्या मुलींना शिकवत आलेय.

दुसरा चिमटा स्वच्छ. तिसऱ्यात पुन्हा. काल दुपारी मी तपासलेले ट्रे भट्टीतून निघून गाडीवर होते, गाडी लिफ्टपाशी. मी ओरडले, "थांबव!" तो गाडीवाला दचकून थांबला. पण त्याआधीची एक खेप वर गेली होती. लिफ्ट येईना. मी जिन्यानं निघाले. या वयात, चपला खालीच राहिल्या.

थिएटरच्या दारात सिस्टरनं अडवलं. "मावशी, वेड लागलंय का? आत पेशंट आहे." मी म्हटलं, "तो ट्रे उघडू नका. मी तपासलाय, उघडू नका." ती म्हणाली, "तुम्ही तपासलाय मग काय झालं?" मी म्हटलं, "म्हणूनच सांगतेय!" आतून डॉक्टर कडाडले. त्यांनाही तेच सांगितलं. माणूस भूल देऊन टेबलावर निजलेला. ट्रेचं कापड सोडायला घेतलं होतं, एवढंच. दुसरीकडून ट्रे येईपर्यंत सगळे माझ्याकडे बघत उभे होते. तो माणूस सुखरूप आहे.

मग मी तशीच अनवाणी साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी आधी पाणी दिलं, मग म्हणाले, "हे बाहेर बोलू नका." मी म्हटलं, "थिएटरच्या दारात ओरडून आलेय." आता ती मुभा परत आलीय. अबोली गेल्यापासून ज्यांची ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्या सगळ्यांना बोलावून बघतायत. दोघांच्या जखमा चिघळल्या होत्या. एक बरा होऊन घरी गेला. एक बाई अजून वॉर्डात आहे. माझ्या ट्रेमुळे की कशामुळे, कोणी छातीठोक सांगू शकत नाही. मी रोज तिच्या दारापर्यंत जाते. आत जायचं धाडस होत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. म्हणाले, "इतके दिवस कळलं कसं नाही?" कळत होतं, चिंगे. दुपारी धूसर व्हायचं, मी म्हणायचे थकवा आहे.

अबोलीकडे गेले. चादरींच्या घड्या घालत होती.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग तोंड उघडायला काय झालं होतं?"

"उघडलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, खुर्चीसाठी बोलते. आणि खुर्ची मला हवी होतीच. खोटं कशाला बोलू?"

मी म्हटलं, "माझ्यासाठी झाकत राहिलीस. मी तुझं काय केलं बघ."

तर फटकन म्हणाली, "तुमच्यासाठी नाही. टेबलावर निजलेल्या माणसासाठी. झाकलं ते माझंही चुकलं. मला हलवलं त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं. राग आला होता, दिवा ठेवून निघून आले."

मी हात जोडले. तिनं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "इथे चादरींसमोर माफी मागून काय उपयोग? जिथे माझी बदनामी झाली तिथे बोला."

मावशी


२४ मे

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. वॉर्डातल्या त्या बाईचं काय ते कळव. तुझ्यापेक्षा माझा वाटा मोठा आहे. तुला दिसत नव्हतं. मला सगळं दिसत होतं आणि मी हवं तेवढंच बघितलं. तू सांगितलंस तेच खरं असावं असं मला वाटत होतं, कारण तू माझी होतीस आणि ती कोणीच नव्हती.

सरांनी मला काढलं नाही. पण आता नकाशा काढायच्या आधी एक आठवडा जिथलं काम तिथे उभं राहून बघायचं, अशी शिक्षा आहे. ते म्हणतात ही शिक्षा नाही, ही पहिली पायरी होती. सुरुवात तुमच्या तळघरापासून. पुढच्या महिन्यात येतेय. अबोली मला दारात तरी उभी करेल का?

त्या मशीनमध्ये आता 'परत' दाबलं की कारण लिहावं लागतं. ते काम सरांनी मला करू दिलं.

चिंगी


१४ जून

चिंगे,

एका डोळ्यानं लिहितेय, दुसऱ्यावर पट्टी आहे. ओळी वरखाली झाल्या तर चालवून घे.

जिथे बदनामी झाली तिथे बोलले. साहेब, सिस्टर, धुण्याच्या बायका, सगळे होते. सांगितलं की हिनं परत पाठवलेला एकेक ट्रे खराब होता आणि मी आंधळी होते, दोन्ही अर्थांनी. अबोली भिंतीला टेकून उभी होती. संपल्यावर एवढंच म्हणाली, "बरं." तपासणीचं टेबल आता तिच्याकडे आहे. तू येशील तेव्हा दारात उभी करेल, पण चहा विचारेल असं समजू नकोस. मला अजून विचारलेला नाही.

ती वॉर्डातली बाई शुक्रवारी घरी गेली. आदल्या दिवशी मी आत गेले. मी कोण ते सांगितलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मी बसून राहिले. जा म्हणाली नाही, म्हणून बसले.

आता माझ्या डोळ्याचं. मोतीबिंदू याच हॉस्पिटलात काढला. नुसता डोळा बधिर करतात, माणूस जागा असतो. मला आडवं केलं, वरचा दिवा लावला आणि शेजारी ट्रे आणून ठेवला. खरं सांगू? त्या ट्रेकडे बघून मला घाम फुटला. इतकी वर्षं मी ते वर पाठवत आले, त्यांच्याखाली कधी निजले नव्हते.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, तयार?"

मी म्हटलं, "थांबा. हा ट्रे तपासला कोणी?"

सिस्टरनं लेबल बघितलं आणि नाव सांगितलं.

"तिनं स्वतः? की दुसऱ्या कोणी सही केली?"

"तिनं स्वतः. दोनदा परत पाठवून मग पास केलाय."

मी म्हटलं, "मग करा सुरू."

मावशी